उत्तराचं वय

डॉक्टर खानोलकरबाईंनी फोन चष्म्याजवळ नेला, मग हात लांब करून पाहिला आणि विचारलं, “हे कधीचं आहे?”

“आत्ताचं,” मी म्हटलं. “तुम्ही बटण दाबलंत तेव्हाचं.”

“बटण मी आत्ता दाबलं, ते मला ठाऊक आहे. पण सोनगिऱ्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं शिल्लक आहेत, हे याला कधी कळलं?”

शेजारी सर्वेश राऊळ बसला होता, तो खिडकीबाहेर बघायला लागला. गेले दोन आठवडे आम्ही दोघं ज्या कामात बुडालो होतो ते बाईंना दाखवायचा तो पहिला दिवस. उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येत होतं, आणि त्याबद्दल चार शब्द कौतुकाचे ऐकायला मिळतील अशी आमची समजूत होती.

बाईंची सत्तरी उलटली होती. सरकारी आरोग्य केंद्रांत त्यांनी जन्म काढला. आमच्या भागात भातकापणीच्या दिवसांत फुरसं चावायचे प्रकार फार. साप लहानसा, पेंढ्यांत दडून बसतो, कापणाऱ्या बाईचा हात नाहीतर पाय त्याच्यावर पडतो. इंजेक्शन वेळेवर मिळालं तर माणूस चालत घरी जातो. पण ते प्रत्येक केंद्रात प्रत्येक वेळी असतंच असं नाही. पेशंटला घेऊन लोक एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात धावतात आणि त्यात जीव जातो. असं पुष्कळ पाहून झाल्यावर, निवृत्तीनंतर बाईंनी कुडाळला ट्रस्ट काढला, दोन रुग्णवाहिका घेतल्या आणि एक सेवा सुरू केली. फोनवर गावाचं नाव घातलं की जवळपास कुठं सर्पदंशाचं इंजेक्शन आहे ते कळायचं. दोन रुग्णवाहिकांपैकी एक माझे बाबा चालवायचे.

मी तेव्हा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. सेवेला अडचण अशी होती, की सगळ्या केंद्रांचा साठा पुण्यातल्या एका संस्थेच्या मोठ्या डेटाबेसमध्ये नोंदवला जाई, आणि आमच्याकडचं प्रत्येक विचारणं तिथवर जाऊन परत येई. एरवी ते चालून जायचं. कापणी सुरू झाली की विचारणारे वाढत, आणि उत्तर यायला एवढा वेळ लागे की लोक कंटाळून फोन खिशात टाकत. बाईंनी मलाच फोन करून विचारलं, महिनाभर येशील का. मी रजा टाकली आणि आले. बाबांनी स्टँडवरून मला घरी आणलं. वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, की जेवण झालंय का.

ट्रस्टच्या मागच्या खोलीत तीन संगणक होते आणि ते सर्वेश सांभाळायचा. सेवेचे सगळे प्रोग्राम त्यांच्यावर कंटेनरमध्ये चालत. कंटेनर म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बंद केलेला डबा. कुठला डबा कुठल्या संगणकावर ठेवायचा, एखादा मेला तर त्याच्या जागी नवा कसा उभा करायचा, हे बघायला त्यांच्यावर एक व्यवस्थापक प्रोग्राम होता. सर्वेश त्याला मुकादम म्हणायचा. मुकादम कामाला चोख होता, पण त्याला एकच गोष्ट समजे. त्याच्या फाइलीत लिहिलंय तसं सगळं आहे की नाही, एवढंच तो बघायचा. फाइलीत काही बदललं, की जुना डबा फेकून तो नवा मांडायचा.

या तीन संगणकांवर मला कॅश बसवायची होती. बाईंना हा शब्द पहिल्यांदा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, की रोख रक्कम संगणकात कशाला हवी. मग मी समजावलं. एकदा पुण्याहून आलेलं उत्तर आपल्याच संगणकाच्या मेमरीत धरून ठेवायचं. दुसऱ्याने तेच विचारलं तर पुण्याला न जाता इथूनच द्यायचं. मेमरीतलं असल्यामुळे ते क्षणात मिळतं. मात्र ते कुठं लिहून ठेवलेलं नसतं. डबा बंद पडला की आतलं सगळं पुसलं जातं.

“आणि शिळं झालं तर?” त्यांनी तेव्हाच विचारलं होतं.

त्यासाठी प्रत्येक उत्तराला मुदत असते, मी सांगितलं. आम्ही दहा मिनिटांची ठेवली होती. दहा मिनिटं झाली की ते उत्तर आपोआप पुसलं जाई आणि पुढचा विचारणारा पुण्याहून ताजं आणी. यावरून सर्वेशचं आणि माझं दोन दिवस वाजलं होतं. त्याला मुदत लांब हवी होती, मला तोकडी. शेवटी दहावर तडजोड झाली. मेमरी किती द्यायची, ती भरली तर कुठलं उत्तर आधी टाकायचं, सगळं आम्ही घासाघीस करून ठरवलं होतं. आणि आता बाई विचारत होत्या, हे कधीचं आहे.

“जास्तीत जास्त दहा मिनिटांपूर्वीचं असणार,” मी म्हटलं.

“मग तसं लिही तिथं. उत्तराखाली. किती जुनं आहे ते.”

सर्वेश म्हणाला, की पडदा लहान आहे, आधीच गावाचं नाव, अंतर, फोन नंबर एवढं सगळं आहे, लोक गोंधळतील. बाईंनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“पेशंट आला की मी पहिलं विचारते, कधी चावला. नुसतं चावला म्हणून सांगितलं तर मला काही कळत नाही. लिहा ते.”

आम्ही लिहिलं. प्रत्येक उत्तरासोबत ते कधी आलं तेही मेमरीत ठेवायला लागलो, आणि उत्तराखाली बारीक अक्षरांत दिसायला लागलं, चार मिनिटांपूर्वी, सात मिनिटांपूर्वी. मला मनातून वाटलं, म्हाताऱ्या माणसाची हौस आहे, पुरवू.

कापणी ऐन भरात आली. सेवा नीट चालली होती. मी सकाळी ट्रस्टमध्ये जायचे, दुपारी बाई घरून डबा आणायच्या, त्यात हमखास काहीतरी ओल्या खोबऱ्याचं असायचं. संध्याकाळी मी आणि बाबा एकत्र घरी जायचो. रजा संपत आली होती. मी काम सर्वेशच्या हवाली करायला घेतलं होतं.

त्या दिवशी सकाळीच पुण्याचा डेटाबेस बंद पडला. का पडला ते आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं, दुरुस्ती चालू आहे, दुपार होईल. मी पडद्यावर पाहिलं. नवं उत्तर एकही येत नव्हतं आणि मेमरीतली जुनी उत्तरं एकामागून एक मुदत संपून पुसली जात होती. दहा मिनिटांत सगळं रिकामं झालं असतं, आणि सगळ्या तालुक्यात शेतांत बायाबापडे कापणीला उतरलेले.

सर्वेशचं डोकं झटपट चाललं. त्याने मुकादमाची फाइल उघडली, मुदत दहा मिनिटांची एक दिवस केली आणि ती लागू करायला बोट कीबोर्डवर नेलं.

“थांब,” मी म्हटलं. “ती लागू करू नकोस.”

“का? जातायत ना उत्तरं.”

“फाइल बदलली की मुकादम काय करेल?”

त्याचा हात तिथंच राहिला. मुकादमाने आपल्या रिवाजाप्रमाणे जुना डबा फेकला असता आणि नवा मांडला असता, बदललेल्या मुदतीचा आणि आतून कोरा करकरीत. जी उत्तरं अजून शिल्लक होती तीही गेली असती.

सर्वेश मला वयाने मोठा आणि त्या संगणकांचा मालक असल्यासारखा वागणारा. मला वाटलं आता तो वाद घालेल. त्याने फाइल बंद केली, खुर्ची बाजूला सरकवली आणि म्हणाला, “तू बस. काय लागेल ते सांग.”

मी चालत्या डब्याच्या आत शिरले आणि तिथूनच, डब्याला धक्का न लावता, उरलेल्या एकेका उत्तरावरची मुदत काढून टाकली. एवढ्या वेळात पाचसहा केंद्रं पुसली गेली होती, बाकीची वाचली. आता ती आपणहून जाणार नव्हती. पण ताजीही होणार नव्हती. त्यांच्याखालचा आकडा वाढायला लागला. अकरा मिनिटांपूर्वी. अठरा मिनिटांपूर्वी. पस्तीस.

बाईंना बोलावलं. त्या खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या आणि त्यांनी ते आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मी म्हटलं, जुनी उत्तरं दाखवायची की बंद करायची ते तुम्ही सांगा.

“दाखव. वयासकट दाखव. आणि आपण फोन करू या.”

मग आम्ही तिघांनी केंद्रं वाटून घेतली आणि एकेका ठिकाणी फोन लावायला सुरुवात केली. कुणी उचलला की विचारायचं, इंजेक्शनं किती आहेत, आणि मिळालेलं उत्तर मी स्वतःच्या हाताने मेमरीत घालायचं. ते घातलं की त्या केंद्राखालचा आकडा पुन्हा शून्यावर यायचा. बाईंना बहुतेक ठिकाणचे लोक नावाने ओळखत होते. त्या आधी विचारपूस करायच्या, मग साठा विचारायच्या, आणि दोन्हींत मिळून एक मिनिटही जाऊ द्यायच्या नाहीत. जेमतेम निम्मी केंद्रं झाली असतील, तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा होते.

बाबा मालवणीतच बोलतात. त्यांचं बोलणं मी इथं बरंचसं साध्या मराठीत देतेय. त्यांनी सांगितलं, की ते गवळदेवाच्या तिठ्यावर आहेत. गाडीत सुलभा परब नावाची बाई आहे, पायाला फुरसं चावलंय, हिरड्यांतून रक्त येतंय. गाडीतल्या लतासिस्टरने फोनवर बघितलं. भरणवाडीच्या केंद्रात इंजेक्शनं आहेत असं दिसतंय, पण ते सव्वा तासापूर्वीचं आहे.

“खंय जावू?” त्यांनी विचारलं.

त्या तिठ्यावरून डावीकडं भरणवाडी अगदी जवळ. उजवीकडं सोनगिरे, तिथलं ग्रामीण रुग्णालय मोठं, पण घाट चढून जायला चांगला अर्धा तास. सोनगिऱ्याला बाईंनी नुकताच फोन केला होता, तिथं साठा भरपूर होता. भरणवाडीचा फोन मी दोनदा लावला होता, नुसता वाजत राहिला होता.

बाबांनी रस्त्यात कुणाला वाट विचारलेली मी कधी ऐकली नव्हती. मागं कुणाचा तरी पुरुषी आवाज येत होता, बहुतेक त्या बाईचा नवरा, गाडी का थांबवली म्हणून विचारत होता. भरणवाडी म्हणावं तर ते बहुधा बरोबरही असेल. सव्वा तासात कुठं साठा संपतो? आणि नसेल तर तिकडं जाऊन परत फिरून घाट चढायचा. मी पडद्यावरच्या त्या आकड्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडून खरं तेच आलं.

“बाबा, माका म्हायत नाय. फोन ठेवू नकात.”

“बरा,” ते म्हणाले. इंजिन चालू असल्याचा आवाज मला ऐकू येत होता. गाडी उभी होती.

मी बाईंकडं बघून भरणवाडी एवढंच म्हटलं. त्यांनी हातातला चालू फोन तसाच ठेवून सर्वेशचा ओढून घेतला आणि केंद्राचा नंबर सोडून तिथल्या नर्सबाईंच्या स्वतःच्या मोबाईलवर लावला. तो नंबर त्यांना पाठ होता. पलीकडून उचलला गेला. बाईंनी विचारपूस केली नाही. ऐकलं, आणि माझ्याकडं बघून नाही म्हणून मान हलवली. भरणवाडीत सकाळीच एका माणसाला फुरसं चावलं होतं, त्याला सगळी इंजेक्शनं लागली. सगळे त्याच्याभोवती होते, म्हणून केंद्राचा फोन कुणी उचलत नव्हतं. नर्सबाई साठा संपल्याचं नोंदवायला गेल्या तर पुणं बंद.

“बाबा, सोनगिरे,” मी म्हटलं. “उजव्यात जावा.”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. गियर पडल्याचा आवाज आला आणि मग घाटाचा.

पुढचा अर्धा तास माझा फोन बाईंच्या हातात होता. त्या लतासिस्टरशी बोलत राहिल्या, पाय हलू देऊ नका, तिला पडूनच राहू दे, तिच्याशी बोलत राहा. मधेच सर्वेशच्या फोनवर त्यांनी सोनगिऱ्याच्या डॉक्टरला सगळं तयार ठेवायला सांगितलं. मी भरणवाडीपुढं ‘नाही’ घातलं. त्याच्याखाली वय आलं, शून्य मिनिटं. मग बाईंच्या फोनवरून उरलेल्या केंद्रांना फोन करत बसले. आकडे चुकू नयेत म्हणून प्रत्येक आकडा सर्वेशला मोठ्याने वाचून दाखवत होते आणि तो हो म्हणत होता.

पुणं दुपारनंतर सुरू झालं. आम्ही हाताने घातलेली उत्तरं आणि तिकडून आलेली उत्तरं जुळवून पाहिली, आणि मगच एकेकावर पुन्हा मुदत घातली. त्यानंतर सर्वेशने ती सकाळची फाइल पुन्हा उघडली. मेमरीतलं सगळं थोड्या थोड्या वेळाने डिस्कवरही लिहिलं जावं, म्हणजे डबा बदलला तरी नवा कोरा उठणार नाही, अशी सोय आम्ही तिच्यात केली. शिवाय, पुणं बंद असेल तेव्हा उत्तर पुसायचं नाही, वयासकट दाखवत राहायचं, असंही घातलं. जुन्या डब्यात जे होतं ते मी आधी एकदा हाताने डिस्कवर उतरवून घेतलं. सर्वेश म्हणाला, “आता लागू करू?” मी हो म्हटलं. मुकादमाने जुना डबा टाकला आणि नवा मांडला. नव्यात सगळं होतं. बाई मागं उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी जेवणाच्या डब्यातले तीन लाडू काढले, दोन आमच्या पुढ्यात ठेवले आणि एक स्वतः खाल्ला.

सोनगिऱ्याहून संध्याकाळी फोन आला, की रक्त पुन्हा नीट गोठायला लागलंय, म्हणजे विष उतरतंय. सुलभा परब पुढच्या आठवड्यात घरी गेली. तिची कापणी तिच्या जावांनी उरकली होती.

त्या संध्याकाळी बाबा उशिरा परतले. ट्रस्टच्या अंगणात ते गाडी धूत होते. मी पायरीवर बसून बघत होते. थोड्या वेळाने मी विचारलं, की तिठ्यावर गाडी थांबवलीत कशी? पेशंट गाडीत असताना तुम्ही कधी थांबत नाही.

त्यांनी चाकावर पाणी मारलं. मग म्हणाले, की सिस्टरने सव्वा तासापूर्वीचं म्हणून सांगितलं, म्हणून थांबलो. नुसतं ‘भरणवाडीत आहे’ म्हटलं असतं तर डावीकडं वळलो असतो. मी उठले आणि दुसरी बादली भरून त्यांच्याजवळ नेऊन ठेवली.

“सोमवारी जातंस?” त्यांनी विचारलं. माझं पुण्याचं तिकीट सोमवारचं होतं.

“बघूया,” मी म्हटलं.

ते एवढंच म्हणाले, की आईला तसं सांग, ती तुझ्यासाठी पिशव्या भरत बसलीय.

मी सोमवारी गेले नाही. नंतर एकदा गेले ते कंपनीतलं सामान आणायला. ट्रस्टची सेवा पुढं आजूबाजूच्या जिल्ह्यांतही गेली. तीन संगणकांचे बरेच संगणक झाले, कॅशही एकाच डब्यात न ठेवता वेगवेगळ्या संगणकांवरच्या डब्यांत ठेवली, म्हणजे एक गेला तरी दुसरा असतो. उत्तराचं वय आता बारीक अक्षरांत नसतं. ते उत्तराच्या वर, मोठ्या अक्षरांत येतं. बाईंनी ते करवून घेतलं, आणि पडदा कधीच लहान पडला नाही.

बाबा निवृत्त व्हायच्या सुमाराला त्यांच्या जागी मिलिंद म्हाडगुत नावाचा ड्रायव्हर आला. चांगला चाळिशीचा, आधी ट्रक चालवलेला. त्याला कामाची माहिती द्यायचं बाबांकडं होतं. एका दुपारी मी कुठल्याशा कामाला गाडीच्या शेडकडं निघाले होते, आणि शेडच्या भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला. एरवी दोन शब्दांत आटोपणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचं बोलणं थांबत नव्हतं. आधी उत्तर किती जुनं आहे ते बघायचं, मग स्टिअरिंग वळवायचं, जुनं वाटलं तर सरळ ट्रस्टला फोन लावायचा आणि थांबायचं, पेशंटचे लोक ओरडले तरी थांबायचं, असं सगळं ते त्याला बयाजवार सांगत होते. मिलिंदने विचारलं, की हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

“वय घालूचा डॉक्टरबायन सांगितल्यान,” बाबा म्हणाले. “बाकीचा सगळा माझ्या चेडवान केल्यान.”

चेडू म्हणजे आमच्याकडं मुलगी. हे ते दुसऱ्या कुणाला सांगताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग ते तिठ्याची गोष्ट सांगायला लागले, अगदी सुरुवातीपासून, सुलभा परबला शेतातून उचललं तिथपासून. मी भिंतीअलीकडंच थांबले. पुढं गेले असते तर ते गप्प झाले असते, आणि मला सगळी ऐकायची होती.